वरचा मजला चढवायचाय, पण पाया बघितलाय का?

प्रश्न : आमचं बैठं घर आहे, तीन खोल्या आणि वर गच्ची. वडिलांनी २६ वर्षांपूर्वी बांधलं. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, माझी मुलंही मोठी झालीत, जागा पुरत नाही. गच्चीवर कॉलमच्या सळया काढून ठेवलेल्या आहेत, म्हणजे पुढेमागे मजला चढवायचं वडिलांच्या मनात होतंच. मिस्त्री बघून गेले, म्हणाले पाया दणकट आहे, अजून दोन मजले सहज चढतील. घरात सगळे तयार आहेत, मलाच एकट्याला धाकधूक वाटतेय. चढवावा का मजला?

उत्तर : तुमची धाकधूक अगदी रास्त आहे, घरच्यांच्या उत्साहापुढे ती गिळून टाकू नका. मिस्त्रींनी पाया बघितला म्हणता, पण कसा बघितला? पाया जमिनीखाली असतो हो, खड्डा घेतल्याशिवाय तो कुणालाच दिसत नाही, मिस्त्रींना नाही आणि मलाही नाही. भिंतीवर हात मारून, गच्चीवर पाय आपटून जे सांगतात तो अंदाज असतो आणि अंदाजावर माणसं झोपवायची नसतात.

एका घरी मी गेलो होतो तिथला नकाशा जपून ठेवलेला होता, त्यात फुटिंग, म्हणजे कॉलमच्या तळाशी मातीत असणारा काँक्रीटचा रुंद पाया, ५ फूट बाय ५ फूट लिहिलेलं. कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी खणायला घेतलं, साडेतीन फुटांवर कड लागली, माती झाडून टेप लावला तर ३ फूटसुद्धा पूर्ण भरेना. घराचे मालक, आजोबा, खड्ड्याच्या काठावर उभे होते, दोनदा खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मी तर रोज कामावर हजर असायचो." असतीलच, मला शंका नाही. पण पैसे कमी पडायला लागले की आधी मातीत झाकलं जाणारं काम आखडतं, रंग आणि फरशी कधी आखडत नाही. त्या घरावर मजला चढवला नाही आम्ही, शेजारी दोन खोल्या वाढवल्या.

हा फरक किती मोठा पडतो बघा. तुमची माती दर चौरस मीटरला १५ टन पेलते असं धरू, तर १ मीटर बाय १ मीटरचं फुटिंग १५ टन घेणार आणि दीड बाय दीडचं ३३ टनांच्या वर घेणार. अर्धा मीटर इकडेतिकडे आणि ताकद दुपटीहून जास्त. आणि १५ हा आकडाही मी धरलेला आहे, पोचट चिकणमाती याच्या निम्मंसुद्धा पेलत नाही आणि कातळ याच्या कितीतरी पट पेलतो, म्हणून खड्डा घ्याल तेव्हा फुटिंगबरोबर खालची मातीही तपासून घ्या. एकच खड्डा नको, एक कोपऱ्यातल्या कॉलमला आणि एक मधल्या कॉलमला, कारण सगळ्यात जास्त वजन मधल्यावर येतं. फक्त फुटिंगच्या खालून माती काढू देऊ नका, कडेने खणायचं आणि बघून झालं की लगेच नीट धुम्मस करून बुजवायचं.

आता वर किती वजन येतं ते. लोकांना वाटतं स्लॅबच सगळ्यात जड, पण तसं नाहीये. ४ बाय ३ मीटरची एक खोली घ्या, ५ इंची स्लॅब साधारण पावणेचार टन, फरशी आणि खालचा थर टन-सव्वा टन, माणसं आणि सामान चौरस मीटरला २०० किलोने धरलं तर अडीच टनांच्या आत. आणि त्याच खोलीच्या चार भिंती ९ इंची विटेच्या, ३ मीटर उंच केल्या तर दारं-खिडक्या वजा करूनही १५ टनांच्या आसपास जातात! त्याच जागी ६ इंची हलके ब्लॉक वापरले, ते एएसी का काय म्हणतात ते, तर चार टनांच्या आसपास काम होतं, वर गिलाव्याचं वजन वेगळं. म्हणजे खोली तीच, राहणारी माणसं तीच, आणि पायावरचा भार जवळपास निम्म्यावर येतो. मजला चढवायचाच झाला तर माझं पहिलं सांगणं हेच असतं, वर जाड विटेची भिंत नको. आणि गच्चीवर उताराचा जाड थर असेल तर तो आधी खरवडून काढा, ४ इंची थर असला तर एका खोलीवरून दोन टन ओझं तसंच उतरतं.

सळयांचं म्हणाल तर त्या बघून वडिलांची आठवण येत असेल, पण त्यांच्यावर विसंबू नका. २६ वर्षं ऊनपाऊस खाल्लेली सळई गंजलेली असते, आणि गंज लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळे सळई जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथलं काँक्रीट आतून फुटायला लागतं. कॉलमच्या डोक्याशी उभ्या चिरा आहेत का, हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येतो का, हे आजच गच्चीवर जाऊन बघा. शिवाय जुन्या सळईला नवी जोडायला लांबी लागते, १६ मिमीची सळई असेल तर ढोबळ हिशोबाने तिच्या जाडीच्या ५० पट, म्हणजे ८० सेंटीमीटर. बहुतेक गच्च्यांवर फूटभर ठेवलेल्या असतात, त्यात काय जोडणार? मग कॉलमचं डोकं फोडून खालची चांगली सळई उघडी करायची किंवा भोकं पाडून केमिकलने नवीन सळया बसवायच्या, दोन्ही होतं, पण ते ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

काँक्रीटची तब्येत बघायला रिबाउंड हॅमर मारतात, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं यंत्र, पण जुन्या घरात निव्वळ त्याच्यावर जाऊ नका, कारण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन काँक्रीटचा वरचा पापुद्रा कडक होतो आणि हॅमर खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. मला त्याहून भरवशाची वाटते ती एक साधी चाचणी, कॉलमचा छोटा टवका काढायचा आणि ताज्या भागावर फिनॉल्फथॅलिन नावाचं रंग बदलणारं रसायन फवारायचं. निरोगी काँक्रीट बघता बघता गडद गुलाबी होतं, आणि जिथपर्यंत हवेने खाल्लंय तिथपर्यंत रंगच येत नाही, राखाडीच राहतं. गुलाबी सुरू होतं त्याच्या अलीकडे सळई असेल तर समजायचं तिचं संरक्षण गेलं, ओल मिळाली की ती गंजणार. तुम्ही स्वतः उभं राहून बघा, घरच्यांनाही दाखवा, शंभर शब्दांनी पटत नाही ते तिथे पटतं. किती ताकद उरलीये याचा आकडा हवा असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नळीसारखा तुकडा, काढून लॅबमध्ये दाबून बघावा लागतो.

एवढं करून उत्तर 'नाही' आलं तरी सगळं संपत नाही. कॉलमला बाहेरून सळया आणि काँक्रीटचं जाकीट घालता येतं, फुटिंग रुंद करता येतं, फक्त कॉलम चारी बाजूंनी साधारण ४-४ इंच जाड होतो आणि खालच्या खोल्या खणून काढाव्या लागतात. हे काम तीन-चार कॉलमपुरतं असेल तर करा, सगळ्याच कॉलमना करावं लागत असेल तर मी म्हणेन थांबा, शेजारी जागा असेल तर तिथे वाढवा नाहीतर पाडून नवीन बांधायचा हिशोब एकदा मांडून बघा. आणि एक कृपा करून करू नका, खाली मोठा हॉल हवा म्हणून तळमजल्याच्या भिंती काढायच्या आणि वर भरगच्च मजला चढवायचा. खाली पोकळ आणि वर जड असं घर भूकंपात सगळ्यात आधी खालच्याच मजल्यावर बसतं.

मंजुरीचं काय ते तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे आधी बघून घ्या, ती न घेता सुरू करू नका.

प्रश्न : पाया तपासून झाला, इंजिनिअरने होकार दिलाय. आता घरात वाद असा की वर कुणी राहायचं आणि जिना आतून की बाहेरून? आईचे गुडघे दुखतात पण ती म्हणते मला वरची खोली द्या, खाली गोंगाट असतो.

उत्तर : आईंना वर पाठवू नका. त्यांना आज जमेल, पाच वर्षांनी काय? ३ मीटर चढायला १८ पायऱ्या होतात, दिवसातून चार वेळा वरखाली म्हटलं तर ७२ चढायच्या आणि ७२ उतरायच्या, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतरणं जास्त जड जातं. मग हळूहळू माणूस खाली येणंच टाळतं, जेवण वर मागवतं आणि घरात असून एकटं पडतं, मी हे फार जवळून बघितलंय आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यांना गोंगाट नकोय ना, मग खालचीच मागची खोली द्या, दाराला रबराची पट्टी लावा, टीव्ही वरच्या मजल्यावर न्या. खाली एक संडास-बाथरूम त्यांच्या खोलीला लागून असलंच पाहिजे, वरच्या मजल्यावर एक खोली कमी झाली तरी चालेल.

जिना आतून घेतलात तर खालची ५-६ चौरस मीटर जागा जाते आणि वरचीही तेवढीच, म्हणजे जवळजवळ अर्धी अर्धी खोली. हे नकाशात लक्षात येत नाही, खडूने फरशीवर आखून बघा मग कळेल. तरी पण एकत्र राहणार असाल तर आतूनच घ्या असं माझं मत आहे, बाहेरच्या जिन्याने पहिल्याच पावसाळ्यात दोन घरं होतात. पुढे भाड्याने द्यायचं किंवा वेगळं व्हायचं डोक्यात असेल तर मात्र बाहेरून.

वरचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या डोक्यावरच येऊ द्या. जुन्या स्लॅबमध्ये पाइपसाठी खोलगट जागा नसते, त्यामुळे वर एक पायरी उंच करावी लागते नाहीतर पाइप खालच्या छताला लटकतात, आणि ते आईंच्या पलंगावर लटकायला नकोत.

प्रश्न : काम चालू असताना आम्ही खालीच राहिलो तर चालेल का? दोन लहान मुलं आहेत.

उत्तर : भिंती, गिलावा, फरशी चालू असताना राहता येतं, धूळ सोसायची तयारी हवी. पण नवा स्लॅब भरायच्या वेळी नको. नव्या स्लॅबचे टेकू तुमच्या जुन्या गच्चीवर उभे राहतात, ओलं काँक्रीट, फळ्या आणि माणसं असा सगळा भार खालच्या जुन्या स्लॅबवर येतो आणि तो स्लॅब त्या भारासाठी केलेलाच नसतो. म्हणून खालच्या खोल्यांमध्येही टेकू लावावे लागतात आणि ते २ ते ३ आठवडे हलवायचे नाहीत. पलंगाशेजारी टेकू आणि त्याला धरून गोल फिरणारी पोरं, हे चित्र डोळ्यापुढे आणा. तो महिना नातेवाइकांकडे जा नाहीतर छोटी जागा भाड्याने घ्या, आणि "खाली टेकूची गरज नाही" असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर इंजिनिअरकडून लिहून आणायला सांगा.

प्रश्न : घर आईच्या नावावर आहे, वरचा खर्च मी एकटा करणार आहे. भावाला लेखी काही द्यायला सांगणं बरं दिसेल का?

उत्तर : दिसेल, आणि काम सुरू व्हायच्या आधीच करा. आई, भाऊ, तुम्ही, घरात अजून भावंडं असतील तर तीही, सगळ्यांनी एकदा बसा आणि वकिलाकडून कागद करून घ्या, खर्च कुणाचा, वरचा मजला कुणाचा, गच्ची आणि पाण्याची टाकी सामाईक की नाही. आईंची तब्येत चांगली आहे, सगळे हसून बोलतायत, तोपर्यंत हे अर्ध्या तासाचं काम आहे. पावत्या सगळ्या जपून ठेवा, सळईच्या वजनाच्या सुद्धा, आणि फुटिंग उघडलं त्या दिवशी टेप लावून फोटो काढा, तो फोटो त्या कागदांच्याच फायलीत लावा.