बोट फ्रेमवर ठेव

बेटा,

वडील म्हणतात रिव्हॉल्वर तिजोरीत राहू दे, मित्र म्हणतात कमरेला लाव आणि एका सेकंदात काढायला शीक, आणि तू मध्ये लटकला आहेस. केळीची रोकड घेऊन अंधार पडताना रावेर-सावदा रस्त्याने येणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत आहे. परवानाही रीतसर मिळालाय. तेव्हा ‘बाळगू की नको’ हा वाद मी घालणार नाही. वेगाचं विचारलंस, वेगाचं सांगतो. पण माझ्या क्रमाने.

तू लिहिलंयस की पकड घेतानाच बोट ट्रिगरवर जातं आणि त्याने वेळ वाचतो. काहीही वाचत नाही. हात कमरेपासून डोळ्यांसमोर येईपर्यंत बोटाला आत जायला भरपूर सवड असते. उलट, होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, निघताना नळी तुझ्याच मांडीकडे असते. मांडीतली मोठी रोहिणी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि रावेरहून जळगाव गाठायला तासाच्या वर लागतो. म्हणून बोट फ्रेमवर, म्हणजे हत्याराच्या पोलादी सांगाड्यावर, सिलिंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या चाकाच्या) खाली, सरळ ताणलेलं. ट्रिगर गार्डवर, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यावर, वाकवून टेकवलेलंही नको, तिथून ते घसरून आत जातं. दचकलं, अडखळलं किंवा दुसऱ्या हाताने कोणाला धरलं, की दोन्ही हातांच्या मुठी एकदम आवळल्या जातात. ते तुझ्या इच्छेवर नसतं. बोट कुठे आहे, एवढंच तुझ्या हातात असतं.

हॅमर, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा मागचा हातोडा, आधीच मागे ओढून ठेवतोस, हे वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. तुझ्या कानपूरच्या .३२ सारख्या रिव्हॉल्वरचा ट्रिगर हॅमर खाली असताना बराच जोर लावून ओढावा लागतो. हॅमर मागे असला की त्याहून खूप कमी जोर पुरतो. तो जड ट्रिगर म्हणजेच तुझी सेफ्टी आहे, आणि तीच तू स्वतः काढून टाकतोस. हॅमर नेहमी खाली. हातातलं हत्यार जुनं असेल तर हॅमर खाली असताना फायरिंग पिन (हॅमरची टोकदार सुई) काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या भागावर, टेकते की नाही, हे परवानाधारक आर्मररकडून (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून) तपासून घे. तपासेपर्यंत सहाऐवजी पाचच काडतुसं भर आणि सिलिंडरमधलं हॅमरखालचं घर रिकामं ठेव. ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरून भरलेलं घर समोर येतं, त्यामुळे वेळ जात नाही.

आता काढणं. डाव्या हाताने शर्ट मुठीत धरून छातीपर्यंत वर ओढ, नुसता बाजूला सारू नकोस, तो परत पडतो. उजव्या हाताची पकड होल्स्टरमध्येच पुरी झाली पाहिजे, अंगठ्याचं बेचकं मुठीवर जितकं वर बसेल तितकं. काढल्यावर पकड सावरत बसलास तर तिथेच अर्धा सेकंद जातो. सरळ वर उचल. नळी होल्स्टरच्या पूर्ण बाहेर आली की मगच पुढे वळव. तोवर डावा हात छातीला चिकटलेला हवा, नाहीतर तोच नळीसमोर येतो. दोन्ही हात छातीसमोर भेटतील, मग पुढे सरकतील. साइट, म्हणजे नळीवरची नेमखूण, नेमावर बसली आणि गोळी झाडायचीच हे ठरलं, की बोट आत. त्याच्या आधी नाही. यातला वेग स्नायूंचा नाही. फालतू हालचाल गळून पडली की तो आपोआप येतो. सावकाश शंभर वेळा बिनचूक झालं, की वेग मोजायचं बघू.

कमरेवरून, न बघता झाडण्याचं तू विचारलंस. ही विद्या खोटी नाही. १९२०-३० च्या दशकांत शांघाय महापालिका पोलिसांत विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स यांनी ती शिकवली. अरुंद गल्ल्या, अंधार, दोन-तीन मीटरवरचा माणूस. पण मित्र सांगत नाही ते ऐक. त्याच शांघायच्या पोलिसांच्या पिस्तुलांची सेफ्टीची कळ खिळा बसवून कायमची निकामी केलेली असे, आणि पिस्तूल चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, रिकामं ठेवून बाळगत. मॅगझिन भरलेली, चेंबर रिकामं, काढताना स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून गोळी चेंबरमध्ये आणायची. ज्यांनी जगाला झटपट नेम शिकवला, त्यांनीच बाळगण्यात ही खबरदारी घेतली. शिवाय या पद्धतीला खूप गोळ्या लागतात, आणि परवान्यावर तुला वर्षाकाठी मिळणारी काडतुसं मोजकी. त्या मोजक्या काडतुसांत साइट बघून मारायला शीक. बाजाराच्या दिवशी सावद्यात चुकलेली गोळी कोणाला तरी लागणारच.

परत घालताना सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि व्हिडिओत नेमकं तेच दाखवत नाहीत. परत घालण्यात कसलीही शर्यत नाही. आधी आजूबाजूला बघ, मग मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडाकडे बघ. शर्टाची किनार, जॅकेटची दोरी, बनियनचा घोळ, काहीही ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकतं आणि तुझ्या बोटाचं काम करतं. बोट फ्रेमवर, आणि अंगठा हॅमरवर दाबून ठेव. ट्रिगर कशात अडकला तर हॅमर अंगठ्याखाली उचलताना जाणवेल. जाणवलं की थांब, बाहेर काढ, बघ. मऊ पडलेलं चामडी होल्स्टर फेकून दे. त्याचं तोंड आत दुमडतं आणि थेट ट्रिगरवर येतं.

खिशात, पिशवीत, डिकीत, पॅन्टमध्ये नुसतं खोचून, यातलं काहीही नको. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसारही सार्वजनिक ठिकाणी ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि तुझ्या ताब्यात असलं पाहिजे. वरातीत हवेत झाडायचा आग्रह झाला तर सरळ उठून घरी ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सातपुड्याकडच्या गावठी कट्ट्याला हात लावू नकोस, चेष्टेतही नाही.

आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने ओलं झालेलं चामडं रात्रभर पोलादाला चिकटून राहिलं तर सकाळी गंज दिसतो. म्हणून रात्री रिव्हॉल्वर होल्स्टरबाहेर काढ, कोरड्या फडक्याने पूस, तेलाचा अगदी पातळ हात दे. काडतुसांना तेल लागू देऊ नकोस, टोपीत झिरपलं तर गोळी ऐनवेळी फुसकी निघते.

सराव रिकाम्या हत्याराने कर. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघ, बोटाने चाचप. डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, भर. नेम जाड विटांच्या भिंतीवर धर, आरशावर नको आणि पलीकडे कोणी झोपलं असेल अशा भिंतीवर तर नकोच. संपलं की ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हण आणि त्यानंतर एकदाही पुन्हा काढू नकोस. काडतुसं भरल्यावर ‘अजून एकदाच’ म्हणून उचललेल्या हत्यारानेच भिंतीला भोकं पडतात.

लोक मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. या एका बोटाबाबत मी कोणालाही सूट देत नाही, तुलाही देणार नाही. वडिलांनाही हे पत्र दाखव.

नवं होल्स्टर घेशील तेव्हा ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, कडक आणि तुझ्याच मॉडेलच्या मापाचं घे. दुकानातच रिकामं रिव्हॉल्वर त्यात घाल, गादीवर उलटं धरून दोन-तीनदा झटक. पडलं, तर घेऊ नकोस.