मर्व्हिन पीकच्या 'टायटस ग्रोन' कादंबरीची शंभर पानं झाली, जादू नाही, ड्रॅगन नाही, काही घडतच नाही. ही फँटसी कशी? सोडून देऊ का?

सोडू नका. किल्ल्याच्या स्वयंपाकघरातला पोरगा स्टीअरपाइक, त्याला कोंडून ठेवतात आणि तो खिडकीतून निघून भिंत चढत छपरावर पोचतो, तिथपर्यंत तरी जा. वरून त्याला एका बुरुजाच्या माथ्यावर पावसाचं पाणी साठलेलं दिसतं आणि त्यात घोडी आणि शिंगरू पोहत असतात. ती तिथं वर कशी गेली हे पीक सांगत नाही. मला ते एक पान दहा ड्रॅगनांना भारी आहे.

'काही घडत नाही' हे आमच्या दादाचं पेटंट वाक्य. पुस्तकाला ज्याचं नाव तो पोरगा अख्खा पहिला भाग तान्हाच, मग हिरो कोण म्हणतो. अरे हिरो तो गॉर्मेनगास्ट किल्ला आहे! पीक मुळात चित्रकार, तो आधी भिंत रंगवतो, मग धूळ, मग माणूस, आणि चालताना नोकर फ्लेचे गुडघे कडकड वाजतात ते पण. तुला पोलीस स्टोरी पाहिजे तर ती वाच की.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी दुसरा भाग वाचत होते, गॉर्मेनगास्ट. आम्ही सांगलीचे. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं. त्याआधी रात्रभर आम्ही फ्रीज, शेगडी, धान्याचे डबे, आईचं शिलाई मशीन सगळं जिन्यावरून वर ओढलं, मग लाईट गेली, मोबाईल मेले, गच्चीवरून बघितलं तर कुणाची तरी म्हैस गल्लीतून पोहत चाललेली, एकटीच. आणि माझ्या पुस्तकात काय चाललेलं? पूर! पाणी एकेक मजला चढतंय, लोक सामान आणि जनावरं घेऊन वरवर सरकतायत, लाकडावर कोरीवकाम करणारे कारागीर होड्या बनवायला बसलेत. मी बॅटरीच्या उजेडात दादाला ते मराठीत सांगत गेले, जमेल तसं. तो म्हणाला, फँटसी ना, मग जादूनं पाणी उतरव की. पण उठून गेला नाही. तिसऱ्या दिवशी बोट आली, आईला आधी बसवलं, आणि बोटीत पाय टाकता टाकता हा विचारतो, त्या स्टीअरपाइकचं पुढं काय झालं?

आता म्हणतो मी असं विचारलंच नाही. विचारलंस दादा. आई साक्षीला आहे.

तर वाचायचं कसं, मोठ्यानं वाचा. रोज पाच-सहा पानं, बास. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका, वाक्य लांबलं तर लांबू द्या. झोप येत असताना वाचायचं पुस्तक नाही हे, आणि लोकलमध्ये उभ्यानं तर नाहीच.

हां, एक राहिलं. तिसरा भाग, १९५९ चा, वेगळाच आहे, तोवर पीक आजारी होता, किल्ला सुटतो आणि मोटारी-कारखाने येतात. तो नाही वाचला तरी चालेल, मला स्वतःला अर्धाच आवडला. आणि छपरावर पोचूनही कंटाळाच येत असेल तर खुशाल सोडा, परीक्षा थोडीच आहे.

ही फँटसी कशी, ते राहिलंच. मी तरी म्हणते 'आहे', दादा म्हणतो 'नाही'. पहिला भाग लॉकडाऊनपासून त्याच्याकडेच पडलाय, लाईटबिल घातलंय खुणेला, सत्तराव्या पानावर. रविवारी जाऊन घेऊन येते.