कोर्स पास झालो, मग सही का करू देत नाहीत?

प्रश्न : एअरफोर्सच्या टेक्निकल स्कूलमधून एअरफ्रेम ट्रेडचा (म्हणजे विमानाचा सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक्स वगैरे) कोर्स चांगल्या मार्कांनी पास झालो. स्क्वाड्रनवर येऊन काही महिने झाले पण अजून साधं चाकसुद्धा एकट्याला बदलू देत नाहीत, काम बरोबर झालं म्हणून कागदावर सही करणं तर लांबच. आता परत टाइप कोर्सला, म्हणजे एकाच विमानाच्या कोर्सला, पाठवणार म्हणतात. मग आधी शिकलो ते कशासाठी?

उत्तर : तुझी चिडचिड समजू शकतो, पण हा तुझ्यावरचा अविश्वास नाही रे, थोड्याफार फरकाने सगळ्या एअरफोर्समध्ये असंच चालतं. स्कूलमधला कोर्स म्हणजे पाया, फाइलिंग, रिव्हेटिंग, हायड्रॉलिक्स, मॅन्युअल कसं वाचायचं वगैरे, ते कुठल्या एका विमानापुरतं नसतं. टाइप कोर्समध्ये एकच विमान घेऊन त्याच्या सिस्टिम खोलात शिकवतात, मग सिनियरच्या नजरेखाली एकेक काम करून लॉगबुकमध्ये नोंदी, आणि त्यानंतर कुठे सहीचं ऑथरायझेशन. अमेरिकन एअरफोर्समध्ये तर याला आकडेच दिलेत, टेक स्कूलमधून बाहेर पडलेला ३ लेव्हलचा, कामावर तयार झाला की ५, मग ७.

आता तुझं चाकच घे. बऱ्याच विमानांवर अ‍ॅक्सल नट आधी चाक हाताने फिरवत फिरवत जास्त टॉर्कला (म्हणजे पिळण्याच्या जोराला) आवळायचा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग ढिला करून परत कमी टॉर्कला आवळायचा आणि लॉक करायचा. किती टॉर्क ते त्या विमानाचं मॅन्युअल उघडूनच बघायचं, पाठ आहे म्हणून चालत नाही. चाक न फिरवता आवळलास तरी टॉर्क रेंच (ठरलेला जोर आला की आवाज करणारा पाना) क्लिक करणारच, तुला वाटेल झालं काम, पण बेअरिंग बसलेलं नसतं. हे पुस्तकात एका ओळीत संपतं, हाताला कळेपर्यंत मात्र शेजारी कोणीतरी जाणता उभा लागतो.

पण नुसत्या तोंडी शिकण्यावरही राहू नकोस. २३ फेब्रुवारी २००८ ला गुआममधल्या अँडरसन तळावर बी-२ बॉम्बर टेकऑफ घेतानाच कोसळलं, दोन्ही पायलट इजेक्ट झाले म्हणून वाचले. एअर डेटाच्या (हवेच्या दाबावरून वेग-उंची काढणाऱ्या) सेन्सरमध्ये ओलावा होता आणि तशातच कॅलिब्रेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरला आकडेच चुकीचे मिळाले. आधी पिटो हीट (हवेचा दाब घेणाऱ्या नळीचा हीटर) चालू करून ओलावा घालवायचा हे काही टेक्निशियनना २००६ पासून माहीत होतं, पण ते सगळ्यांपर्यंत रीतसर पोचलंच नाही! मला हे फार लागतं, कारण माहिती होती, माणसंही चांगली होती. म्हणून सिनियरने एखादी युक्ती सांगितली की हे कुठे लिहिलंय ते विचारायचं, आणि लिहिलेलं नसेल तर मॅन्युअलमध्ये घ्यावं म्हणून रीतसर कळवायचं, तू नवीन असलास तरी.

प्रश्न : मी एअरफोर्सच्या एव्हियॉनिक्समध्ये (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये) बरीच वर्षं आहे, लवकरच सर्व्हिस संपेल. सिव्हिल विमानांच्या मेंटेनन्स लायसन्ससाठी हा अनुभव धरतात का?

उत्तर : धरतात, पण आपोआप नाही. युरोपचा पार्ट-६६ हा मेंटेनन्स लायसन्सचा नियम बघा, त्यात एव्हियॉनिक्सला बी२ नावाची लायसन्स कॅटेगरी (बॉम्बरशी संबंध नाही), मॉड्यूलवार परीक्षा, पासिंग ७५ टक्के आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. मिलिटरी अनुभव मान्य होतो पण त्यावर सिव्हिल विमानांवरचं काही काम दाखवावंच लागतं. ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या हातून चुका का होतात ते) आणि एव्हिएशन कायदा ही मॉड्यूल्स सोपी समजून शेवटी ठेवू नका, कायद्याचा भाग सर्व्हिसमधल्या माणसाला नवीनच असतो. आणि लायसन्स मिळाल्यावरही मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचं मेंटेनन्सचं काम दाखवता आलं नाही तर सही करता येत नाही, मध्ये मोठी गॅप नको.

सगळ्यात आधी लॉगबुक. तारीख, विमानाचा टाइप, नेमकं काम काय, तुम्ही स्वतः केलं की सुपरवाइझ केलं, हे सगळं युनिटमध्ये असतानाच संबंधित अधिकाऱ्याकडून सही करून घ्या. बाहेर पडल्यावर तो अधिकारी बदली होऊन कुठल्या कुठे गेलेला असतो आणि एका सहीसाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करत बसावं लागतं.