धाकट्या भावाला वाचायला बसवण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. भाऊ चौथीत गेला, शाळेतून ‘वाचन कच्चं आहे’ असा शेरा आला. आईबाबांना कामावरून यायला रात्र होते, म्हणून ठाण्याहून घणसोलीला पोचल्यावर उरलेला अर्धा तास तू त्याला द्यायचं ठरवलंस. मला तुझं फार कौतुक वाटलं. पण रोज एक धडा वाचून घ्यायचा बेत आठवडाभर लांबणीवर टाक, कारण नक्की काय कच्चं आहे हे त्या शेऱ्यातून कळत नाही.

छापलेला शब्द पाहून तो उच्चारता येणं हे एक काम, आणि तो कानावर पडला की कळणं हे दुसरं. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं आकलन म्हणजे या दोन क्षमतांचा गुणाकार, असं मांडलं. बेरीज नव्हे. एक बाजू अगदी तोकडी असेल, तर दुसरी कितीही भक्कम असून उत्तर लहानच येतं. म्हणून आधी कोणती बाजू तोकडी आहे ते बघ.

तिसरीच्या बालभारतीतलं त्याने न वाचलेलं एक पान घे आणि त्याची झेरॉक्स काढून आण. तो पुस्तकातून मोठ्याने वाचेल, तू झेरॉक्सवर अडलेल्या शब्दाखाली हळूच रेघ मार. मध्ये बोलू नकोस. दहा शब्दांत एकाहून जास्त अडत असतील तर ते पान त्याला सध्या जड आहे. दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं पान तू वाचून दाखव आणि त्याला गोष्ट सांगायला सांग. ऐकून सगळं सांगितलं, पण स्वतः वाचताना अडला, तर अडचण अक्षरांत आहे. भरभर वाचलं, पण ऐकूनही सांगता आलं नाही, तर अडचण भाषेत आणि माहितीत आहे. पुष्कळ मुलांत दोन्ही थोडंथोडं असतं, तरी एक पारडं जड निघतंच.

अक्षरांत अडत असेल तर पुन्हा पहिल्यापासून बाराखडी घोटून घेऊ नकोस. चौथीतल्या मुलाला त्यात कमीपणा वाटतो आणि वेळही फुकट जातो. तुझ्या रेघांकडे बघ. घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ आहे का? जोडाक्षरं आली की थांबतो का? बहुतेक मुलं ‘र’पाशी अडतात, कारण तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी आणि ‘वाऱ्यावर’मध्ये आणखी वेगळा दिसतो. जे चुकतंय तेवढेच चार-पाच शब्द रोज घ्या, आणि ते शब्द ज्या वाक्यात होते ते वाक्य पुन्हा वाचा. शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोज, तरी नाही आला तर सरळ सांगून टाक. ‘काल तर आला होता ना!’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. चित्र बघून अंदाजाने ठोकत असेल तर मात्र बोट अक्षरांवर आण.

ओघ यायला एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचण्याइतका चांगला उपाय मला दुसरा माहीत नाही. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ही पद्धत लिहून ठेवली, आणि २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने तोवरचं संशोधन तपासलं तेव्हा कुणीतरी सोबत बसून मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचून घेण्याचा उपयोग होतो, असाच निष्कर्ष निघाला. शंभरेक शब्दांचा उतारा पुरे. आधी तू वाच, मग दोघं एका आवाजात वाचा, मग तो एकटा. तीन-चार दिवस तोच उतारा. पेन्सिलीने श्वासाच्या जागा दाखव: ‘आजोबांच्या मागून / तो बांधावरून / चालत गेला’. शब्द सुटे सुटे वाचणाऱ्या मुलाला वाक्य शब्दांच्या गटांनी चालतं, हे असं डोळ्यांनी दिसावं लागतं. संवाद असलेली गोष्ट निवडलीस तर पात्रं वाटून घ्या. चिडलेल्या म्हातारीचं वाक्य सपाट आवाजात वाचताच येत नाही.

आता मिनिटाला किती शब्द, हा प्रश्न. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. लोक साठ लक्षात ठेवतात आणि ‘अर्थ समजून’ सोडून देतात. तू मोबाईलवर वेळ लावून बसू नकोस. इंग्रजीतले शब्दसंख्येचे तक्तेही त्याला लावू नकोस. आपला ‘शाळेतल्यासारखं’ हा एकच शब्द, इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतील.

दुसरी बाजू, म्हणजे समजण्याची, जास्त वेळ मागते, आणि ती पुस्तकाबाहेरच जास्त भरते. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. क्रिकेटच्या बातमीवर तुझा भाऊ कसा तुटून पडतो ते आठव, म्हणजे पटेल. म्हणून त्याला माहिती दे, अनुभव दे. आपल्या ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, २०१५ पासून तिथे अभयारण्य आहे. थंडीत एका रविवारी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात घेऊन जा. चोच उलटी करून चिखलातलं पाणी गाळून खाणारा पक्षी एकदा पाहिलेला मुलगा ‘पाणथळ’, ‘स्थलांतर’, ‘शेवाळ’ हे शब्द पुस्तकात भेटले की थबकत नाही.

आणि प्रश्न नीट विचार. समजा उताऱ्यात आहे: १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिला तीन इंजिनं होती, निघताना एकवीस तोफांची सलामी झाली. ‘गाडी कुठून निघाली?’ याचं उत्तर काहीही न समजता बोट ठेवून देता येतं. त्याऐवजी विचार: तोफा का उडवल्या असतील? रुळांजवळच्या गावातल्या माणसांना काय वाटलं असेल? बैलगाडीवाल्याला आनंद झाला असेल की काळजी? उत्तर आलं की ‘हे तुला कुठल्या ओळीवरून वाटलं?’ एवढं जोड. गोष्टीत ‘त्याने त्याला सांगितलं’ असं आलं तर कुणी कुणाला, ते विचार. पुष्कळ मुलांचा धागा तिथेच सुटतो. ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ यांच्यापाशीही थांब. कधी त्याला प्रश्न काढू दे आणि उत्तरं तू दे, एखादं मुद्दाम चुकीचं. तुला पकडण्यासाठी तो पान परत वाचेल.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. तुमच्या घरी आगरी बोलतात. वाचलेलं त्याला आगरीतच सांगू दे, आणि सांगत असताना शब्द सुधारत बसू नकोस. गोष्ट कळली की नाही, हे त्यातूनच कळणार आहे. पुस्तकी मराठी वाचनातून आपोआप कानावर येईल. घरच्या बोलीत बोलायची लाज वाटायला लागलेलं मूल वर्गात गप्प बसतं, आणि गप्प बसणाऱ्याला काय समजलंय ते कुणालाच कळत नाही. आजीला तर रोज पाच मिनिटं या कामाला लाव, तिला वाचता येत नसलं तरी. तिला गोष्ट सांगणं हा त्याचा सगळ्यात चांगला गृहपाठ.

त्याला झेपणार नाहीत अशी पुस्तकं तू मोठ्याने वाचून दाखवत जा. चौथीतल्या मुलाला स्वतः वाचून जेवढं समजतं त्याहून बरंच ऐकून समजतं, आणि नवे शब्द त्या वाटेने येतात. आकलनाच्या सरावपुस्तिकांवर पैसे घालू नकोस. ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, ते तुझ्या रोजच्या गावातच. पुस्तक त्याला निवडू दे. तेच ते तिसऱ्यांदा आणलं तरी आणू दे.

हे सगळं सुरू करण्याआधी डोळे तपासून घे, कानही. तीन-चार महिने नेटाने करूनही अक्षरं उलटसुलट होत राहिली, ओळी सुटत राहिल्या, तर आळशी म्हणून सोडून देऊ नका. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या खास अडचणीची, तपासणी होते, तिथे दाखवा.

पुढच्या आठवड्यात रेघा मारलेलं पान आणि त्याने ऐकून काय सांगितलं ते लिहिलेला कागद घेऊन ये. संध्याकाळी मी घरीच असते. कोणते शब्द आधी घ्यायचे ते दोघी मिळून ठरवू.

तुझी,
बाई