पॉलियुरेथेनच्या कॅथेटरमध्ये चांदी: ९९.९ टक्क्यांवर लगेच विसंबू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एम.टेक.च्या प्रकल्पात वैद्यकीय दर्जाच्या पॉलियुरेथेनमध्ये (एक लवचीक प्लास्टिक) चांदीचे नॅनोकण मिसळून नळी काढली, आयएसओ २२१९६ चाचणीत (पृष्ठभागावर जंतू मरतात का ते पाहणारी) ई. कोलाय आणि स्टॅफ ऑरियस हे जंतू ९९.९ टक्के मेले. आता यातून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवायची नळी, करायची आहे, तर चांदीच ठेवावी की क्वाटर्नरी अमोनियम (धन प्रभाराचं जंतुनाशक रसायन) जोडावं? माझी नोकरी वैद्यकीय नळ्यांच्या एक्स्ट्रूजनमध्ये (वितळलेलं प्लास्टिक साच्यातून दाबून नळी काढण्यात) गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ती चाचणी. ५ सेंमी बाजूचा चौकोनी तुकडा, त्यावर ०.४ मिली जंतूंचं द्रावण, वर पातळ फिल्म, आणि ३५ अंशांवर २४ तास. द्रावणातलं खाणंही ५०० पट पातळ केलेलं. म्हणजे जंतू उपाशी, आणि फिल्मखाली दाबून थेट चांदीशी भिडवलेला. अशा कोंडीत त्याने मरायलाच हवं. शिरेतली गोष्ट वेगळी. नळी रक्तात गेली की काही मिनिटांत तिच्यावर अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन वगैरे प्रथिनांचा थर बसतो. सुटलेल्या चांदीच्या आयनांना रक्तातलं क्लोराइड आणि अल्ब्युमिन धरून ठेवतात. मागून येणारा स्टॅफिलोकॉकस (तुमचा स्टॅफ) त्या थरावर बसतो, आणि फायब्रिनोजेनला धरायची प्रथिनं तर त्याच्या अंगावरच असतात. तुमची चांदी खाली, तो वर.

त्यामुळे कोणतं रसायन घ्यावं याच्या आधी जंतू कुठून येतो आणि नळी किती दिवस राहणार, हे ठरवा. पहिल्या आठ-दहा दिवसांत जंतू बहुतेक त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतो. नळी जास्त दिवस राहिली की हबमधून, म्हणजे सिरिंज जोडायच्या तोंडातून, नळीच्या पोकळीत शिरतो. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) आणि सिल्व्हर सल्फाडायझीन (भाजल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमातलंच औषध) लावलेल्या पहिल्या पिढीच्या कॅथेटरला लेप फक्त बाहेरून होता, आतलं अंग उघडं. दुसऱ्या पिढीत आतूनही क्लोरहेक्सिडीनचा लेप आला.

मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविकं शोषवलेली नळी त्याच काळातली. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिची तुलना या पहिल्या पिढीशी झाली. जंतू बसलेल्या नळ्या ७.९ टक्के विरुद्ध २२.८ टक्के, रक्तातला संसर्ग ०.३ टक्के विरुद्ध ३.४ टक्के. फरक मोठा आहे, पण समोरच्या नळीला आतून लेप नव्हता हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचा. दुसरं म्हणजे ही जोडी स्टॅफवर उत्तम, स्यूडोमोनास जंतू आणि कँडिडा बुरशीवर लंगडी. आपल्याकडच्या आयसीयूंत क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टरचा जोर असतो. शिवाय रिफॅम्पिसिन हे आपलं टीबीचं मुख्य औषध. ते प्रत्येक नळीत घालावं हे मला तरी पटत नाही.

क्लोरहेक्सिडीनही अगदी निरुपद्रवी नाही. अशा लेपाच्या कॅथेटरमुळे काही रुग्णांना ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झाला, आणि १९९७ मध्ये जपानने ती कॅथेटर बाजारातून काढली. क्लोरहेक्सिडीन पॉलियुरेथेनच्या वितळीत मिसळायचा विचार असेल तर तोही सोडा. एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये २०० अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि क्लोरहेक्सिडीन तापलं की त्यातून पॅरा-क्लोरोॲनिलीन हे विषारी रसायन सुटतं. म्हणून अशी औषधं नळी तयार झाल्यावर, द्रावकात बुडवून आणि फुगवून आत शोषवतात.

क्वाटर्नरी अमोनियमचं म्हणाल तर ते साखळीतच रासायनिक बंधाने जोडता येतं. डायॉल (साखळीचा एक घटक) म्हणून घातलं तर झिरपून संपत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते मारतं ते स्पर्शाने. मेलेल्या जंतूंचा थर साचला की खालचा पृष्ठभाग पुन्हा झाकला जातो. धन प्रभार फायब्रिनोजेनलाही ओढतो, प्लेटलेट मागोमाग येतात, आणि रक्ताची गुठळी म्हणजे जंतूंना आयता बिछाना. मूत्रमार्गाच्या किंवा जखमेवरच्या वस्तूसाठी मी क्वाटचा विचार करीन, शिरेतल्या नळीसाठी बिचकेन.

माझा कल सल्फोबेटेनसारख्या झ्विटरआयनिक पृष्ठभागाकडे आहे. त्यावर दोन्ही प्रभार शेजारी शेजारी असतात आणि ते पाणी इतकं घट्ट धरतात की प्रथिनांना बसायला जागा मिळत नाही. ते मारत काहीच नाही, त्यामुळे तुमच्या आयएसओ २२१९६ मध्ये साफ नापास होईल. मार्गदर्शकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगला नमुना कचऱ्यात जाईल.

इथे पॉलियुरेथेनचा एक खोडसाळपणा सांगतो. याच्या साखळीतले मऊ आणि कडक तुकडे जागा बदलत राहतात. आम्ही एकदा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) लावून नळी पाणीप्रेमी केली. त्या दिवशी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की डोळ्यांदेखत पसरायचा. तीच नळी कोरड्या पाकिटात काही आठवडे पडून राहिली, आणि थेंब परत अळवाच्या पानावरच्या मण्यासारखा उभा. हवेच्या संगतीत पाणीप्रेमी गट आत वळले होते. त्या दिवसापासून मी ताज्या नमुन्याचा आकडा कुणाच्याही हातून घेत नाही. निर्जंतुक करा, पाकिटात ठेवा, मग मोजा.

तुमच्या फोटोतली नळी कोऱ्या चहाच्या रंगाची आहे. नॅनो चांदीचा रंग तसाच येतो, त्यात काही वावगं नाही. पण कापलेल्या टोकाशी करडे ठिपके दिसताहेत, ते गोळा झालेले कण असावेत. वाकवल्यावर तडा तिथूनच जाईल. आणि बेरियम सल्फेट कुठे आहे? एक्स-रेमध्ये टोक दिसायला ते लागणार, आणि ते घातलं की पृष्ठभाग खरखरीत होतो. आजचा निकाल त्या नळीला लागू होणार नाही. कच्च्या प्लास्टिकच्या गोळ्या किती सुकवल्या तेही लिहिलेलं नाही. पॉलियुरेथेन हवेतली ओल ओढतं. ओल्या गोळ्या घातल्या की डायपाशी (साच्याच्या तोंडाशी) बुडबुडे येतात आणि वितळीत साखळ्या तुटतात.

पॉलियुरेथेनचा ग्रेडही कळवा. एस्टरचं पॉलियुरेथेन पाण्याने तुटतं. ईथरचं पाण्याला टिकतं, पण शरीरात ऑक्सिडेशनने तडकतं. १९८० च्या दशकात पेसमेकरच्या लीडवर (हृदयाकडे जाणाऱ्या तारेवर) हा धडा मिळालेला आहे. कार्बोनेटचं त्या मानाने टिकाऊ. वॉर्डात नळीला काय काय लागेल तेही आजच तपासा. मुपिरोसिन या प्रतिजैविकाच्या ज्या मलमाचा पाया पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा असतो, ते लावून पेरिटोनियल डायलिसिसची (पोटातून होणाऱ्या डायलिसिसची) पॉलियुरेथेनची कॅथेटर खराब झालेली आहेत. अल्कोहोलनेही काही ग्रेड मऊ पडतात. जंतूरोधक नळी मलमाने चिरली तर काय उपयोग?

आता कामाचं. पुढची फेरी अशी लावा: नमुना इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेला, २४ तास रक्ताच्या प्लाझ्मात भिजवलेला, मग वाहत्या माध्यमात ३७ अंशांवर निदान सात दिवस. जंतूंमध्ये स्टॅफ एपिडर्मिडिस आणि क्लेब्सिएला हवेतच. शेवटी सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी जंतू सुटे करून) वसाहती मोजा. सोबत १९७७ पासून चालत आलेली माकीची पद्धतही करा: नळीचं टोक ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित थरावर) लाटण्यासारखं फिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी १५ किंवा जास्त वसाहती आल्या का ते पाहायचं. मायक्रोबायॉलॉजीवाल्या डॉक्टरांना ती भाषा लगेच कळते. चांदी रोज किती सुटते त्याचा आलेखही काढा. पहिल्या दोन दिवसांतच सगळी निघून जात असेल तर सातव्या दिवशी तुमच्याकडे नुसती चहाच्या रंगाची नळी उरते. ताण-चाचणी करा, आणि रक्तपेशी फुटतात का ते आयएसओ १०९९३ प्रमाणे पाहा.

आणि तुलना उघड्या नळीशी करून थांबू नका. २००६ मध्ये मिशिगनच्या १०३ आयसीयूंचा अभ्यास आला. हात धुणं, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं, नको असलेली नळी काढणं, एवढ्यावर संसर्गाचा मध्यक दर १००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. नळी तीच साधी. हे सगळं नीट करणाऱ्या वॉर्डात तुमची नळी आणखी काय देते, हे खरेदीसमितीतला पहिला माणूस विचारणार. तिथे चांदीपेक्षा किंमत आधी निघते.

ग्रेड, सुकवणीचं तापमान आणि तास, आणि त्या करड्या ठिपक्यांचा सूक्ष्मदर्शकातला फोटो टाका. बेरियम सल्फेट घालून एक फेरी काढलीत तर तिचाही टाका, मग चांदी ठेवायची की काढायची ते बोलू.