बेळगावात सुपरमार्केटवाल्यांनी जॅमर लावून ५०० रुपये दंड घेतला. ते पैसे परत मिळतात का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा : तुम्ही खानापूरहून बेळगावला आलात, टिळकवाडीतल्या एका सुपरमार्केटात महिन्याचं सामान भरलं आणि बाहेर येऊन बघता तर कारच्या चाकाला जॅमर. "दोन तासांच्या वर गाडी लावली" म्हणत सिक्युरिटीने ५०० रुपये मागितले. घरची मंडळी सोबत होती, म्हणून तुम्ही वाद न घालता यूपीआयने पैसे भरले. हातात शिक्का मारलेली चिठ्ठी मिळाली. आता पैसे परत मागता येतील का, आणि मागायचे कुणाकडे?

मागता येतात, आणि बऱ्याचदा मिळतातही. मी बेळगावातल्याच शहापुरात एका दुकानात हिशेब लिहितो, पण गल्लीतल्या, नात्यातल्या लोकांना असले तक्रारीचे कागद लिहून देत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो. पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली, असं अजिबात नाही. चाकाला जॅमर असताना भरलेले पैसे राजीखुशीने दिले असं कोण म्हणेल?

मुळात दुकानाला दंड करायचा अधिकारच नाही. ट्रॅफिक पोलिस चलन करतात ते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या आधाराने. महापालिका वसुली करते ती तिच्या कायद्याने. सुपरमार्केटला असा कुठलाही कायदा मिळालेला नाही. ते फार तर एवढं म्हणू शकतात की आमच्या जागेत गाडी लावायची अमुक अट होती, तुम्ही ती मान्य करून गाडी लावली आणि नंतर मोडली, तेव्हा आमचं नुकसान भरून द्या. म्हणजे हा दोघांमधला करार झाला. आणि करार म्हटला की भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ लागू होतं. करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी वसूल करता येते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हेच स्पष्ट केलंय. तेव्हा दुकानाला विचारायचं : गाडी लावायच्या आधी ही अट मला कुठे दिसली? आणि दोन तासांवर थोडा वेळ गाडी राहिल्याने तुमचं ५०० रुपयांचं नुकसान कसं झालं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून एकाही मॅनेजरकडून ऐकलेलं नाही.

जॅमरचं तर आणखी सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे चाकाला जॅमर लावायला गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तीही सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेल्या किंवा मनाई असलेल्या जागी लावलेल्या गाडीसाठी. खासगी आवारात सिक्युरिटीने आपल्या मनाने जॅमर ठोकून पैसे मागावेत, असं त्या कलमात कुठेही नाही. पुढे कधी असं झालं तर पैसे भरायच्या आधी ११२ ला फोन करा आणि "माझी गाडी अडवून पैसे मागतायत" एवढंच शांतपणे सांगा. गेट लावून तुम्हालाच बाहेर पडू देत नसतील, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली येतं. एखाद्याला त्याच्या वाटेने जाण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. बहुतेक वेळा फोन कानाला लावल्याबरोबर किल्ली सापडते.

आता पुराव्याचं बघू, कारण खरा निकाल तिथेच लागतो. माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, दुकान वेगळं. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बोर्ड बघितला. तो होता बाहेर पडायच्या रॅम्पवर, आगीच्या लाल बादल्यांच्या वर, तोंड बाहेर जाणाऱ्या गाड्यांकडे. आत येणाऱ्या माणसाला त्या बोर्डाची पाठच दिसणार. अक्षरं करंगळीएवढी. आणि दंडाच्या आकड्यावर स्टिकर चिकटवलेला. त्याचा एक कोपरा सुटला होता आणि खाली जुना "२००" दिसत होता. म्हणजे २०० चे ५०० कधी झाले, कुणी केले, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही तीन बाजूंनी फोटो घेतले : आत येताना गाडीतून काय दिसतं ते, बोर्ड जवळून, आणि स्टिकरचा कोपरा. पुढे पैसे परत आले त्यात या तिसऱ्या फोटोचा वाटा मोठा होता.

तुम्हीही लगेच जाऊन फोटो काढा. तक्रार गेली की बोर्ड बदलतात. त्याच सोबत सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवा असं मॅनेजरला लेखी कळवा, कारण ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सामानाचं बिल जपून ठेवा, ते दोन कामं करतं. एक तर तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक होता हे त्याने सिद्ध होतं. पार्किंग फुकट असलं तरी ते खरेदीसोबत दिलेल्या सेवेचाच भाग होतं, असं म्हणायला आधार मिळतो. दुसरं, बिलावर वेळ छापलेली असते. मावसभाऊ महिन्याच्या पहिल्या रविवारी गेला होता, काउंटरवर रांग दाराबाहेर गेलेली. दोन तासांतला कितीतरी वेळ तो बिलासाठीच उभा होता. दुकानाने स्वतःच रांगेत उभं करायचं आणि त्याच वेळेचे पैसे लावायचे, हे कुठल्या न्यायात बसतं?

चिठ्ठी नीट बघा. तिच्यावर कंपनीचं नाव, जीएसटी नंबर, पावतीचा अनुक्रमांक, गाडीचा नंबर यातलं काय आहे? घेतलेल्या पैशाचं रीतसर बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. मग यूपीआयचा व्यवहार उघडून पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा. सुपरमार्केटच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट सोन्यासारखा जपा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच हात टेकतात. मॅनेजर म्हणेल, "पार्किंग ठेकेदाराकडे आहे ओ, आमचा काही संबंध नाही." ठेकेदार म्हणेल, "आम्हाला वरून ऑर्डर आहे." या टोलवाटोलवीत पडूच नका. जागा दुकानाची, गिऱ्हाईक दुकानाचं, ठेकेदार दुकानाने नेमलेला. पत्रात दोघांनाही पक्षकार करा आणि पैसे दोघांकडे एकत्र मागा. आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील. ठेकेदाराचं नाव माहीत नसेल तर तेच पत्रात विचारा.

पत्र लहान ठेवा. राग आला असेल तरी शिव्या नकोत, आणि मानसिक त्रासाचे लाखभर रुपयेही नकोत, त्याने खरी मागणी हलकी पडते. आम्ही लिहिलं ते साधारण असं होतं : "अमुक तारखेला मी आपल्या दुकानात खरेदी केली, बिल सोबत आहे. माझ्या गाडीला जॅमर लावून ५०० रुपये घेण्यात आले. वेळेच्या अटीचा फलक प्रवेशाच्या बाजूला नव्हता, फोटो सोबत आहेत. ही रक्कम कोणत्या कायद्याने व कोणत्या नुकसानीपोटी घेतली ते लेखी कळवावे. जॅमर लावण्यास पोलिसांची परवानगी होती काय, असल्यास प्रत द्यावी. पंधरा दिवसांत रक्कम परत न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन." बस्स. एक प्रत दुकानाच्या मॅनेजरला, दुसरी बिलाच्या तळाशी छापलेल्या नोंदणीकृत कार्यालयाला, दोन्ही स्पीड पोस्टने. पोस्टाच्या पावत्या फाइलला लावा. पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून घेतलंत तर बरं. मुख्य कार्यालय बेंगळुरूला असो की मुंबईला, "वाचता आलं नाही" अशी सबब उरत नाही.

त्यासोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. हेल्पलाइन हुकूम देत नाही, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते. मोठ्या साखळीच्या दुकानांना ते झोंबतं. माझ्या बघण्यातली बहुतेक प्रकरणं याच टप्प्यावर मिटली आहेत.

नाहीच मिटलं तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. स्वतः उभं राहता येतं, वकील लागत नाही. पण वेळ लागतो हे आधीच मनाशी धरा, तारखा पडतात. तक्रारीत एक गोष्ट सांभाळा : "हा अन्यायकारक करार आहे" असं मुख्य कारण लिहू नका. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार कायद्याने अन्यायकारक ठरतो हे खरं, पण तशी तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. ती थेट राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्यात "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" हीच कारणं मांडा. यावर तक्रार परत आलेली मी बघितली आहे.

भाषेची अडचण खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या लोकांना नेहमी येते. आयोगाचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं. कागद लिहून द्यायला कुणी नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असो, मोफत मदतीचा हक्क आहे. गाडी बायकोच्या नावावर असेल आणि पैसेही तिच्या खात्यातून गेले असतील तर तिच्याच नावाने तक्रार करा. चंदगड, गडहिंग्लजहून बेळगावला बाजाराला येणाऱ्यांना तर आणखी एक सोय आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे एमएच-०९ च्या गाडीवाल्याने कोल्हापूरच्या आयोगात मराठीत कागद घालावा, बेळगावच्या दुकानदाराने तिथे यावं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

"आरसी ब्लॉक करू, गाडीवर केस टाकू" अशी धमकी आली तर घाबरू नका. गाडीवर चलन पोलीस किंवा आरटीओच टाकू शकतात, आणि ते परिवहनच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर घालून बघता येतं. आणि इंटरनेटवर "मॉलला पार्किंगचे पैसे घेताच येत नाहीत" असा गुजरात उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल फिरतो, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तो तिथल्या नियमांवर दिलेला आहे आणि कर्नाटकात बंधनकारक नाही. तुमची बाजू त्याच्याशिवायही भक्कम आहे. ती जागा मुळात दुकानाची आहे का, तेही बघून घ्या. आपल्याकडे कित्येक दुकानांचं "पार्किंग" म्हणजे पुढचा फूटपाथच असतो. तसं असेल तर दुकानाला बोलायचाच हक्क नाही, पण ट्रॅफिक पोलीस तुम्हाला चलन करू शकतात, तेव्हा तक्रार करताना याचं भान ठेवा.

एका बाबतीत मात्र मी कुणालाही कागद लिहून देत नाही. दुकानात पाच रुपयांची काडेपेटी घ्यायची आणि गाडी तिथे ठेवून दिवसभर गणपत गल्ली, खडेबाजार फिरायचं, किंवा रॅम्पच्या तोंडाशी, अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी घुसवायची, हे चूक आहे. दसरा-दिवाळीत खऱ्या गिऱ्हाईकाला जागा मिळत नाही ती यामुळेच. तिथेही जॅमर बेकायदाच, पण वाजवी पैसे मागितले तर द्यावेत. तुम्ही सांगितलंय त्यावरून तुमचं तसं काही दिसत नाही.

आणि बहुधा असं होईल की पत्र पोचल्यावर दुकानातून फोन येईल, "५०० चं कूपन देतो, पुढच्या खरेदीत वापरा." कूपन घेऊ नका. पैसे खात्यातून गेले, त्याच खात्यात परत मागा, आणि जमा झाल्यावरच तक्रार मागे घेतल्याची सही करा.