मॅडम, माझं उत्तर दरवेळी वेगळं का येतं?

"मला कोडिंग जमणार नाय, ब्रँच बदलू का?" रत्नागिरीत माझ्याकडे येणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांचं हे ठरलेलं वाक्य. दिवाळीनंतर हर्णैचा, मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा आला (ओळख थोडी बदलून सांगतेय), तो तर ब्रँच बदलायचा अर्ज भरूनच घेऊन आलेला. म्हटलं आधी अडलंय कुठे ते दाखव. वहीचं एक पान उघडलं, नुसते आकडे, दोन तर मायनसमध्ये, आणि प्रत्येकासमोर लाल पेनाने फुली. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला पॉइंटर प्रिंट केलेला. व्हेरिएबलमध्ये टाकलेत 25, आणि प्रिंटएफ (छापायची आज्ञा) कोटीतला कायतरी आकडा देतंय, परत रन केलं की दुसराच, मित्राकडे तिसराच. तीन रात्री जागलेला बिचारा.

मीपण कधीकाळी सी शिकलेय म्हणून लगेच कळलं. विचारलं, बाबांची बोट रोज एकाच जागी नांगरतात का रे?

"नाय ओ मॅडम, मिळेल तिथे."

मग म्हटलं, समजा मी विचारलं पापलेट किती मिळालं आणि तू सांगितलंस बोट कुठे नांगरलीय, तर? हसला. पॉइंटरमध्ये जागा असते, मेमरीतला पत्ता, मासळी नाही. मासळी हवी तर पॉइंटरच्या नावाआधी स्टार लाव आणि मग %डी (प्रिंटएफला आकडा छाप सांगायची खूण), येतात 25. जागाच बघायची तर %पी (पत्ता छापायची खूण), आणि पॉइंटर व्हॉइड स्टार (म्हणजे नुसता पत्ता, कशाचा ते न सांगता) करून दे. पोरगा पत्ताच %डी ने छापत होता. %डी ला इंट (पूर्णांक) लागतो, तो बहुतेक ठिकाणी 4 बाइटचा आणि 64 बिट मशीनवर पत्ता 8 बाइटचा, म्हणजे बऱ्याचदा अर्धाच तुकडा आकडा समजून छापला जातो, म्हणून ते मायनस (नियमाने तर हे चूकच, काहीही येऊ शकतं). आणि जागा दरवेळी बदलते कारण ऑपरेटिंग सिस्टीम मुद्दाम बदलते, हल्ला करणाऱ्याला अंदाज येऊ नये म्हणून. वर्गात कोणी एवढं सांगितलं असतं तर पोराची झोप तरी वाचली असती, असो.

माझ्या लॅपटॉपवर %पी करून बघितलं तर परत घाबरला, "यात ए एफ कुठून आले?" म्हटलं 16 चा पाया आहे, 9 नंतर ए बी सी चालू होतं. मग स्वतःच चार वेळा रन करून चार पत्ते लिहून काढले, अर्जाच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर. मी अर्जाचा विषय काढलाच नाही.

दोन आठवड्यांनी फोन आला, "मॅडम, ॲरेचं (एका रांगेतल्या खणांचं) नुसतं नाव %पी ने छापलं तरी पत्ताच येतो, पहिल्या खणाचा, बरोबर ना?"

बरोबर.